२४ केबीपीएसमध्ये मावणारा तालुका: जहाजावरून ऐकलेल्या आमच्या गावाकडच्या रेडिओबद्दल

परदेशात बसून गावाकडचा रेडिओ ऐकायचा असेल, तर आवाज किती गोड हा प्रश्न नंतरचा. आवाज मध्येच तुटतो का आणि तासाला डेटा किती जातो, हे आधी बघावं लागतं. जहाजावरून मी जे जे मराठी ऑनलाइन रेडिओ लावून बघितले, त्यांत या दोन्ही बाबतींत आमच्या तालुक्याचं एक छोटं कम्युनिटी रेडिओ केंद्र सगळ्यांच्या पुढं निघालं. त्यांच्या ऑनलाइन सेवेबद्दल सविस्तर लिहितोय, कारण बाकीच्या केंद्रांनाही अशी सेवा देता येण्यासारखी आहे आणि ती फार खर्चाची नाही.

मी लोहखनिज वाहणाऱ्या बल्क कॅरिअरवर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यावर माल भरायचा, केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनला उतरवायचा आणि रिकामं जहाज घेऊन परत फिरायचं. घर बीड जिल्ह्यात, मांजरा नदीच्या काठी. आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेला मी पहिलाच. सध्या सुट्टीवर गावी आहे, त्यामुळे केंद्रावर जाऊन त्यांची यंत्रसामग्रीही डोळ्यांनी बघता आली.

केंद्राचं नाव लिहीत नाही, त्याला कारण आहे. त्यांचा भाड्याचा सर्व्हर छोटा आहे, एकावेळी ठरावीक श्रोत्यांपलीकडं तो घेत नाही. नुसतं बघायला म्हणून शेकडो लोक आत शिरले, तर रियाधच्या लेबर कॅम्पमधला आमच्या शेजारच्या गावचा वेल्डर बाहेर राहील. तालुक्यातल्या माणसांना केंद्र ठाऊक आहे. इतरांसाठी केंद्रापेक्षा त्याची पद्धत जास्त उपयोगाची आहे.

आधी जहाजावरच्या इंटरनेटबद्दल सांगतो, म्हणजे पुढची आकडेमोड कळेल. आमच्या जहाजाचा डोम, म्हणजे गोल टोपणाखालचा अँटेना, भूस्थिर उपग्रहाकडं तोंड करून असतो. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. आपण मागणी पाठवली की ती वर जाते, खाली किनाऱ्यावरच्या केंद्रात उतरते, उत्तर त्याच वाटेनं परत येतं. नुसत्या या ये-जा मध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. शिवाय सगळ्या खलाशांत मिळून एकच बारीक वाट. जहाजानं दिशा बदलली आणि चिमणी किंवा मस्तूल डोमच्या आड आलं, की लिंक गेली. मुसळधार पाऊस लागला तरी सिग्नल खचतो. डोमची देखभाल माझ्याकडंच असते, म्हणून हे सगळं रोजच्या बघण्यातलं. नव्या काही जहाजांवर खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं वेगवान नेट आलंय. आमच्यावर अजून आलेलं नाही, आणि जगात अशी जहाजं ढिगानं आहेत.

या नेटचा माझा कोटा महिन्याला २ जीबी. त्यातच घरी व्हिडिओ कॉल, त्यातच बँक, त्यातच लेकीच्या शाळेचे निरोप.

आता रेडिओचा हिशोब. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिट जातात तो वेग, आणि आठ बिटांचा एक बाइट. १२८ केबीपीएसची स्ट्रीम, म्हणजे नेटवरून सलग येणारा आवाज, तासाला साधारण ५७.६ एमबी खाते. रोज एक तास ऐकलं तर महिन्याला १,७०० एमबीच्या वर, म्हणजे कोटा जवळपास संपलाच. ६४ केबीपीएस म्हणजे तासाला २८.८ एमबी. आमच्या केंद्राची सगळ्यांत हलकी स्ट्रीम २४ केबीपीएसची आहे. तासाला १०.८ एमबी, वरचा किरकोळ खर्च धरून अकरा-साडेअकरा. रोज तासभर ऐकूनही महिना साडेतीनशे एमबीच्या आत निघतो. उरलेल्यात घरच्यांची तोंडं बघता येतात.

केंद्र तीन स्ट्रीम चालवतं. ९६ केबीपीएस एमपी३, ४८ केबीपीएस एएसी, आणि ही २४ केबीपीएस, एचई-एएसी, मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. एमपी३, एएसी, एचई-एएसी हे कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करायच्या पद्धती. हलकी स्ट्रीम मोनो ठेवली हे मला फार पटलं. बोलण्याच्या कार्यक्रमाला डावा-उजवा कान लागत नाही, आणि तेवढ्याच बिटांत दोन कान भरायला गेलं की दोन्ही कानांत पातळ पडतं.

एचई-एएसी निवडणं हेही समजून केलेलं काम आहे. २४ केबीपीएसवर एमपी३ ठेवलं असतं तर माणूस रजईखालून बोलतोय असं वाटलं असतं. एचई-एएसीमध्ये आवाजाचा वरच्या पट्टीचा भाग पूर्ण पाठवतच नाहीत. खालचा भाग नीट पाठवायचा, आणि वरचा भाग त्याच्यावरून पुन्हा कसा उभा करायचा एवढ्या खुणा सोबत द्यायच्या. ऐकणाऱ्याचा फोन तो भाग स्वतः उभा करतो. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘छ’ अशी अक्षरं स्पष्ट राहतात. आमच्याकडं बोलण्यात वेग असतो, शब्दांच्या शेपट्या गिळल्या जातात. तरी मोंढ्याचे भाव सांगणाऱ्या काकांचा एक शब्दही मला २४ वर पुन्हा ऐकावा लागत नाही.

ओपस नावाचा कोडेक या कामासाठी आणखी चांगला आहे. तो २०१२ साली प्रमाणित झाला आणि बोलण्यासाठी १६ केबीपीएसवरही सुरेख चालतो. पण थेट स्ट्रीममध्ये तो जुन्या फोनांवर, विशेषतः जुन्या आयफोनवर, कुरकुरतो. आमच्याकडचे श्रोते म्हणजे आखातात गेलेले गवंडी, ड्रायव्हर, वॉर्डबॉय. त्यांच्या हातात गावाकडून नेलेला जुना फोन. तेव्हा थेट प्रक्षेपणाला एचई-एएसी आणि फाइलीला ओपस, ही केंद्रानं केलेली वाटणी मला बरोबर वाटते. फाइलींचं पुढं सांगतो.

हलक्या स्ट्रीमचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. केंद्राचा सर्व्हर आइसकास्टवर, म्हणजे श्रोत्यांना स्ट्रीम वाटणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतो. आइसकास्टची एक सोय अशी की श्रोता जोडला गेला की त्याला सुरुवातीला साठवणीतला एक घास एकदम देऊन टाकायचा. मूळ सेटिंगमध्ये हा घास ६४ केबीचा असतो. ९६ केबीपीएसच्या स्ट्रीमला तेवढे ६४ केबी जेमतेम साडेपाच सेकंद पुरतात. २४ केबीपीएसच्या स्ट्रीमला तेच ६४ केबी एकवीस सेकंदांच्या वर पुरतात. म्हणजे लिंक दहा-बारा सेकंद गेली आणि परत आली, तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. जहाज हेलकावे खातं तेव्हा अशा बारीक तुटी सारख्या होत असतात. ९६ वर प्रत्येक तूट कानाला टोचते, २४ वर माणूस सलग बोलत राहतो.

फक्त प्लेअरनंही तो घास धरून ठेवला पाहिजे. मी व्हीएलसी हा प्लेअर वापरतो. त्यात नेटवर्क कॅशिंग, म्हणजे पुढचा आवाज किती वेळाचा साठवून ठेवायचा ते, मुळात १,००० मिलिसेकंद असतं, म्हणजे एकच सेकंद. ते मी १५,००० करून ठेवलंय. स्ट्रीमचा थेट दुवा त्यात एकदा घातला की ब्राउझर उघडायची गरजच नाही. आणि हा दुवा केंद्रानं लपवून ठेवलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. बऱ्याच ठिकाणी आमचंच अॅप घ्या असा आग्रह असतो. ते अॅप उतरवण्यातच आठवडाभराचा रेडिओ जातो. उघडलं की जाहिरातींची चित्रं, मग व्हिडिओ, मग एकदाचा आवाज. आमच्या केंद्राचं ‘परदेशातून ऐका’ हे पान नुसत्या अक्षरांचं आहे. तीन दुवे, प्रत्येकापुढं तासाला किती एमबी जातील तो आकडा, आणि खाली दोन ओळी. पान काही केबींत उघडतं. ‘तासाला ११ एमबी’ हे शब्द ज्यानं कुणी तिथं लिहिले त्याला मी केंद्रावर गेल्यावर भेटलो आणि हात हातात घेऊन आभार मानले. केबीपीएस म्हणजे काय हे कॅम्पमधल्या पोराला सांगत बसावं लागत नाही. ११ एमबी त्याला कळतात, कारण रिचार्ज त्यानंच केलेला असतो.

लहानपणी आमच्या घरात परभणी आकाशवाणी लागायची, मीडियम वेव्ह, १३०५ किलोहर्ट्झ. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर अॅपवर आज आकाशवाणीची दोनशेवर केंद्रं मिळतात आणि ज्याला संपूर्ण मराठवाड्याचा कार्यक्रम हवा त्यानं ते जरूर घ्यावं. पण तालुक्यातलं ऐकायचं, तर तालुक्याचंच केंद्र लागतं. कम्युनिटी रेडिओला प्रक्षेपणाची ताकद साधारणपणे १०० वॅटपर्यंतच वापरता येते. दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं एफएम जात नाही. आमचं गाव त्या टापूच्या बाहेर पडतं. माझी माय घरात तेच केंद्र मोबाइलवर, तीच २४ केबीपीएसची स्ट्रीम लावून ऐकते, कारण आमच्या मळ्यात फोनला दोन काड्यांच्या वर रेंज नसते. परदेशातल्या लोकांसाठी केलेली सोय तालुक्याच्या कडेच्या गावांनाही लागू पडली. हे केंद्रावर सांगितलं तेव्हा त्यांना त्याची कल्पना होती. म्हणाले, असे फोन बऱ्याच वाड्यांवरून येतात.

काय काय ऐकायला मिळतं? कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढं देता येतात. पण हवामान, बाजार, परीक्षा, भरती, पाणीपुरवठा, वीज, यात्रा-जत्रा, आपत्तीच्या सूचना हे सगळं देता येतं, आणि तालुक्याचं खरं आयुष्य तेच आहे. सकाळी सहाला सुरू होतं. ब्राझीलच्या किनाऱ्यावर आम्ही असलो की तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. काम संपवून, अंघोळ करून मी केबिनमध्ये येतो तेव्हा गावाकडं उजाडत असतं. काका लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव सांगतात, तुरीचा सांगतात, मग मांजरा धरणात किती टक्के पाणी आहे ते सांगतात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे आमच्या भागातला माणूस विसरत नाही. धरणाचा टक्का ऐकला की पुढं घरी काय बोलायचं ते ठरतं. बोअर घ्यायचं का, ऊस ठेवायचा का मोडायचा.

आणि मग २०२५चा सप्टेंबर. त्या महिन्यात मराठवाड्यात पावसानं जो हाहाकार केला तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. आमचं जहाज तेव्हा चीनच्या बंदराबाहेर नांगर टाकून होतं. घरचे फोन लागत नव्हते. मोठ्या वाहिन्यांवर बीड, धाराशिव, लातूर अशी जिल्ह्यांची नावं येत होती, पण जिल्हा ऐकून माझं काय भागणार? मला माझ्या ओढ्याचं नाव हवं होतं. केंद्र एरवी रात्री नऊला बंद होतं, त्या रात्री त्यांनी चालू ठेवलं. निवेदन करणाऱ्या ताई प्रशासनाकडून आलेली सूचना वाचायच्या, धरणातून सोडलेल्या पाण्याचं सांगायच्या, मग काठावरच्या गावांची नावं एकेक करून, सावकाश, दोनदा. जनावरं वर हलवा, पाण्याच्या मोटारी काढून घ्या, पुलावरून पाणी असेल तर गाडी घालू नका. आमच्या गावाचं नाव आलं. शाळेत सोय केलीय असं आलं. त्यांचा आवाज बसला होता, पण घाई नव्हती. २४ केबीपीएसवर मी ते रात्रभर ऐकलं. ९६ असती तर माझा उरलेला कोटा पहाटेपर्यंत पुरला नसता, आणि बंदराबाहेर जहाजांच्या गर्दीत नेट इतकं बारीक होतं की ती चाललीही नसती. भावानं म्हशी माळावर नेल्या, मायला शाळेत नेलं, हे मला फोन लागल्यावर दुसऱ्या दिवशी कळालं. पण शाळा उघडलीय एवढं मला रात्रीच कळलं होतं. या सेवेला मी किती गुण देतो असं कुणी विचारलं तर मला ती रात्र आठवते आणि आकडा सुचत नाही.

त्या रात्री वीज तर जात-येत होतीच. इथं केंद्राच्या आणखी एका शहाणपणाची नोंद करतो. स्टुडिओतून सर्व्हरकडं जाणारी लाइन तुटली की साधारणपणे आइसकास्ट सगळ्या श्रोत्यांना बाहेर काढतो. प्लेअर बंद पडतो, पुन्हा जोडावं लागतं. यांनी पर्यायी स्ट्रीम लावून ठेवली आहे. स्टुडिओ गेला की सर्व्हर आपोआप तिच्यावर नेतो. तिथं एका मुलीच्या आवाजात ‘वीज गेली आहे, आम्ही लवकरच परत येतो, ऐकत राहा’ असं दर मिनिटाला येतं आणि मध्ये तंबोरा. स्टुडिओ आला की आपोआप परत. ही पर्यायी स्ट्रीम त्याच कोडेकमध्ये, त्याच वेगाची असावी लागते, नाहीतर काही प्लेअर गोंधळतात. तिन्ही स्ट्रीमसाठी त्यांनी वेगवेगळी बनवली आहे. एवढी काळजी मी मोठ्या शहरांतल्या रेडिओंच्या ऑनलाइन सेवेतही बघितलेली नाही.

गाण्यांचं मात्र वेगळं आहे. संध्याकाळी एफएमवर तासभर सिनेमाची गाणी लागतात. ऑनलाइनवर त्या तासात ती येत नाहीत. रेडिओला गाणी वाजवायला मिळणारा परवाना इंटरनेटला आपोआप लागू होत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३१डी खालची प्रसारकांची सवलत इंटरनेट सेवांना मिळत नाही असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९मध्ये म्हटलं होतं, आणि छोट्या केंद्राला वेगळे हक्क घेणं परवडत नाही. केंद्रानं यातून जी वाट काढली ती मला तरी लाभाचीच झाली. त्या तासात ऑनलाइन श्रोत्यांना गावागावांत जाऊन स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं ऐकवतात. जात्यावरच्या ओव्या, भारूड, गोंधळ, हरिपाठ. वेळअमावस्येला, आमच्याकडं येळवस म्हणतात, त्यांनी शेतातून थेट कार्यक्रम केला. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबील, बाजरीचे उंडे, भज्जी, आणि मागं बायका-पोरांचा कालवा. मी तेव्हा हिंदी महासागरात होतो. त्या अर्ध्या तासात मी कुणाशी बोललो नाही. कोपीत जेवायला बसलेल्या माणसांचे आवाज ऐकत पडून राहिलो.

आता उणिवा. पहिली, आणि माझ्या मते मोठी, वाद्यांची. २४ केबीपीएसवर बोलणं चांगलं, एकट्या बाईच्या गळ्यातली ओवी फारच चांगली, पण टाळ आणि चिपळ्या आल्या की आवाज फुटतो. खणखणीत, क्षणात उठून क्षणात विरणारा आवाज एवढ्या कमी बिटांत मावत नाही. खणखणाटाऐवजी सळसळ ऐकू येते. हलगीचं तेच. कडकड उडायला हवी तिथं नुसता पसारा होतो. हरिपाठाला तर मी नाइलाजानं ४८ वर जातो, म्हणजे तासाला २१.६ एमबी. मधली ३२ केबीपीएसची एक स्ट्रीम असती तर तासाला ३.६ एमबीच जास्त गेले असते आणि टाळ बरेच सुधारले असते.

दुसरी, आवाजाची पातळी. पाहुण्यांची मुलाखत इतकी हळू की इंजिनाच्या घरघरीत कान लावून ऐकावं लागतं, आणि लगेच खताची जाहिरात दणकन येते. २०२४च्या धोरणानं कम्युनिटी रेडिओला तासाला १२ मिनिटं जाहिराती घेण्याची मुभा दिली आहे. केंद्रानं त्या जरूर घ्याव्यात, त्यावरच ते चालणार. पण पातळी एकसारखी करायला फुकट साधनं मिळतात, सर्व्हरकडं जायच्या आधी ते करता येईल. हेडफोन लावून झोपलेल्या माणसाला ती जाहिरात फार लागते.

तिसरी, वेळापत्रक. ते फोटो काढून टाकतात. सुंदर रंगीत फोटो, आकारानं जवळजवळ अर्ध्या तासाच्या रेडिओएवढा. आणि त्यात फक्त भारतातली वेळ. दुबईत दीड तास मागं, सौदी आणि कतारमध्ये अडीच तास मागं, हे अक्षरांत लिहिलं तर एक ओळही पुरी लागणार नाही.

चौथी, सुट्टीच्या दिवशी स्ट्रीम बंद पडली तर सोमवारपर्यंत कुणी बघत नाही. एकदा सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र संपलं होतं. ब्राउझरवाल्यांचा रेडिओ शनिवारी गेला तो सोमवारी आला.

जाता जाता फाइलींची सेवा, कारण ज्याला थेट ऐकायला जमतच नाही त्याच्यासाठी तीच खरी. दिवसभरातलं निवडक असं अर्ध्या तासाचं संकलन रोज रात्री व्हॉट्सअॅपवर येतं. १६ केबीपीएस ओपस, साधारण ३.६ एमबी. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज मुळात ओपसच असतो, त्यामुळे कुठल्याही फोनवर निर्धास्त वाजतो. लिंक मध्येच तुटली तर पुन्हा जोडून उतरवता येतो, आणि एकदा उतरला की नेट नसतानाही ऐकता येतो. आठवडाभर भर समुद्रात लिंक रडत होती, तेव्हा मी असे तुकडे बंदरावर उतरवून ठेवलेले होते. फक्त त्यात शेवटी येणारं ‘दुःखद वार्ता’ हे सदर सुरुवातीला घ्यावं असं मला वाटतं. गावात कोण गेलं हे परदेशातल्या माणसाला आधी कळायला हवं. घरचे लोक काळजीपोटी सांगत नाहीत, आणि सुट्टीवर आल्यावर दारात उभं राहून विचारावं लागतं.

केंद्र बघायला गेलो तेव्हा वाटलं त्याहून लहान निघालं. एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, भिंतींना गोधड्या आणि गाद्या लावलेल्या, एक मिक्सर, दोन माइक, खाली इन्व्हर्टर. स्टुडिओतला आवाज सर्व्हरकडं पाठवणारं बट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर, तिथून एकच ९६ची लाइन सर्व्हरकडं जाते, आणि बाकीच्या दोन स्ट्रीम सर्व्हरवरच तयार होतात. त्यामुळे स्टुडिओच्या नेटवर भार पडत नाही. ब्रॉडबँड गेलं की मोबाइलचं सिम पुढं घेतं. शंभर श्रोते २४ वर असले तर सर्व्हरला २.४ एमबीपीएस पुरतात. तेच १२८ वर असते तर १२.८ लागले असते. सर्व्हरचं भाडं कमी ठेवण्यातही हलक्या स्ट्रीमचाच हात आहे, हे तिथल्या तंत्रज्ञ पोरानं मला कागदावर मांडून दाखवलं. आयटीआय झालेला, विशीतला. त्यानं हे सगळं स्वतः वाचून उभं केलंय.

कुणी काय निवडावं हे थोडक्यात सांगायचं तर, जहाजावरच्या, वाळवंटातल्या साइटवरच्या किंवा मोजून रिचार्ज मारणाऱ्या माणसानं २४ घ्यावी आणि व्हीएलसीत घालावी. कॅम्पमध्ये आठ जणांत एक राउटर असेल तरीही २४च, कारण बाकीच्यांचे कॉल चालू असतानाही ती निघते. जर्मनीत किंवा अमेरिकेत घरी चांगलं नेट असलेल्यांनी ९६ लावावी, त्यात हलगी हलगीसारखी वाजते. ४८ मला भजनापुरती बरी वाटली.

३२ केबीपीएसच्या मागणीबद्दल मी त्यांच्याशी बोललो. सर्व्हरवर आणखी एक स्ट्रीम काढायला अडचण नाही, म्हणाले, पण मग ४८ बंद करू का? मी नको म्हटलं नाही. ४८ वर एकावेळी तीन-चारच श्रोते असतात, असं त्यांच्या नोंदींतून दिसलं. २४ला मात्र हात लावू नका, एवढं मी लिहून देऊन आलो. वेळापत्रक अक्षरांत टाकायचं त्यांनी मान्य केलं. जाहिरातींची पातळी तो पोरगा या महिन्यात बघणार आहे. मी पुढच्या महिन्यात जहाजावर चढतोय, तिथून ऐकून पुन्हा लिहीन.